ओ-यू-जी-एच : चार अक्षरांची बखर



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे किल्ले, तह, लढाया आणि राजघराणी यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती वाजवी आहे. आज मात्र आम्ही आपल्यापुढे इंग्रजी भाषेतल्या चार अक्षरांची बखर वाचणार आहोत. ओ, यू, जी आणि एच ही ती अक्षरे. ती अनेक शब्दांत याच क्रमाने, हातात हात घालून येतात आणि दर वेळी नवाच आवाज काढतात. आम्ही भाषापंडित नाही. नववीनंतर शाळा सुटली, पुढचे शिक्षण कारखान्यात, कामगारांच्या सभांत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा एका संघटनेच्या कार्यकर्त्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आधी सांगून टाकतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकाबाहेर आमचे धरणे चालले होते. मागण्या साध्या होत्या. रात्रपाळीला पिण्याचे पाणी मिळावे आणि बायकांसाठी निराळे संडास असावेत. वरचे साहेब मराठी वाचीत नसत म्हणून एक फलक इंग्रजीत रंगवावा असे ठरले. 'इनफ इज इनफ', म्हणजे आता पुरे झाले, एवढेच शब्द. एका टर्नरचे अक्षर सुरेख होते. त्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू. दादांनी तांबड्या तैलरंगाने टपोऱ्या अक्षरांत 'इनफ' लिहिले : ई, एन, यू, एफ. दुसऱ्या दिवशी एक अधिकारी मोटारीतून उतरले, फलकाजवळ आले आणि खिशातले पेन काढून शाळामास्तराप्रमाणे त्यावर फुली मारून गेले. मागे उभे असलेले चारपाच जण हसले. त्या आठवड्यात वाटाघाटीला बसलो, तर बैठकीची सुरुवातच त्या फलकावरून झाली. पाण्याचा आणि संडासांचा प्रश्न अर्ध्या तासाने आला, आणि तोवर आमची माणसे खाली मान घालून बसली होती. बाहेर आल्यावर दादांनी विचारले, "भाऊ, माझं चुकलं काय? जसं बोलतात तसं लिहिलं की मी."

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे, जरा उशिरा दिलेले.

दादांच्या प्रश्नाची मेख अशी की ते रोज या चार अक्षरांत वावरत होते. लेथवर पहिला जाडाभरडा काप घ्यावयाचा तो 'रफ'. आरपार पाडलेले भोक ते 'थ्रू होल'. चिवट पोलाद ते 'टफ'. हे शब्द त्यांच्या तोंडी बिनचूक होते, त्यांचा अर्थ त्यांच्या बोटांना ठाऊक होता. तिन्ही शब्दांच्या शेवटी हीच चार अक्षरे बसलेली आहेत. पैकी दोन ठिकाणी शेवटी फ ऐकू येतो, तिसऱ्या ठिकाणी नुसता ऊ. आणखी पुढे जा. 'दो' म्हणजे जरी, तिथे ओ. 'बाउ' म्हणजे झाडाची फांदी, तिथे आउ. 'कॉफ' म्हणजे खोकला. 'थॉट' म्हणजे विचार. 'थरो' म्हणजे पुरेपूर. याचा शेवट इंग्रज 'थरा' असा करतो आणि अमेरिकन 'थरो' असा. आयर्लंडात सरोवराला 'लॉख' म्हणतात, तिथे घशातून घासून काढलेला ख. उचकीला 'हिकप' म्हणतात आणि जुन्या पद्धतीने लिहिताना तिथेही हीच चौकडी आणतात. तिथे तर प! एकाच वेषातली ही नऊ सोंगे आहेत. नाटकमंडळीतल्या एखाद्या नटालाही इतकी वठवता येणार नाहीत.

आता इतिहासाकडे वळू.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जी भाषा बोलली जाई, तिच्यात घशातून निघणारा एक घासता उच्चार होता. फारशी जाणणारा मनुष्य 'खबर' किंवा 'खुदा' म्हणताना जो ख काढतो, तसा. जर्मन भाषेत तो आजही आहे. रात्रीला जर्मन 'नाख्ट' म्हणतो. जुना इंग्रजही जवळजवळ तसेच म्हणे. तो हा उच्चार एका साध्या एच अक्षराने लिही. 'टोख', 'रूख', 'थुर्ख', 'बोख' असे काहीसे ते शब्द होते. त्यांचेच पुढे टफ, रफ, थ्रू, बाउ झाले. म्हणजे त्या काळी हे सारे शब्द बोलावे तसे लिहिले जात होते. दादांसारखा मनुष्य त्या काळी फलक रंगवता, तर चुकता ना.

येथे थोडे आडवाटेने जाऊ, कारण ही वाट आपल्या घरापर्यंत येते. मुलीला इंग्रजीत 'डॉटर' म्हणतात. तिच्या मध्यभागी जी आणि एच मुके बसलेले आहेत. फारशीत मुलीला 'दुख्तर', आणि संस्कृतात 'दुहितृ'. हे तिन्ही शब्द एकाच आजीची नातवंडे. फारशीने तो ख सांभाळला, संस्कृताने ह सांभाळला, इंग्रजीने आवाज घालवला आणि नुसती अक्षरे ठेवली. 'बाउ' म्हणजे फांदी, हा शब्द आपल्या 'बाहू'चा भाऊबंद आहे. झाडाचा हात तो. आणि मळलेल्या कणकेच्या गोळ्याला 'डो' म्हणतात, त्याचे नाते आपल्या 'देह' शब्दाशी लागते. लिंपणे, घडविणे असा मूळ धातूचा अर्थ. तीनही ठिकाणी आपल्याकडे ह आहे, त्यांच्याकडे मुका जी-एच. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा वाचनालय बंद व्हावयाची घंटा झाली तरी उठलो नव्हतो. ज्या अक्षरांवरून आम्हांला हसले होते, ती अक्षरे आमच्याच नात्यातली निघाली!

असो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. राजदरबार, न्याय आणि बडे धर्मपद यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन झाली. इंग्रजी भाषा शेतात, भटारखान्यात आणि गोठ्यात राहिली. पुढे दोनतीन शतकांनी ती पुन्हा कागदावर येऊ लागली, तेव्हा लिहिणारे लेखनिक फ्रेंच वळणात तयार झालेले होते. त्यांनी आपल्या सवयीने अक्षरे बदलली. घशातल्या त्या ख साठी नुसता एच त्यांना पुरेना. काही जण 'योख' नावाचे, आकड्यातल्या तीनसारखे दिसणारे एक जुने अक्षर वापरीत. काही जण जी-एच अशी जोडी लिहीत. छापखाने आले तेव्हा योख मागे पडले आणि जोडी उरली. मनुष्य गावचा असो वा शहरचा, चौदाव्या शतकात तो ही जोडी बहुधा अजून उच्चारीत होता.

मग तो उच्चार गेला कसा? कोणी हुकूम काढला नाही. जिभेचा कंटाळा हा सर्वांत जुना सुधारक आहे. घसा घासण्याचे श्रम लोक टाळू लागले. काही परगण्यांत तो आवाज सरळ गळाला. काही ठिकाणी मात्र त्याचा फ झाला, आणि हे कसे झाले ते आपण येथेच करून पाहू शकता. ओ किंवा ऊ म्हणताना ओठांचा चंबू होतो. त्या चंबूतून घशातला वारा सोडा. तो ओठांशी घासतो आणि ऐकणाऱ्याला फ वाटतो. एका पिढीने ख म्हटला, पुढच्या पिढीने फ ऐकला. म्हणूनच 'नाइट', 'लाइट' या शब्दांत, जेथे ओठांचा चंबू होत नाही, तेथे जी-एच चा फ कधीच झाला नाही. घोटाळ्यालाही नियम असतो तो असा.

ज्या शब्दांत फ आला तेथे आधीचा स्वर आखूड झाला : टफ, रफ, इनफ. जेथे आवाज गळाला, तेथे स्वर मोकळे सुटले आणि त्यांनी आपापल्या वाटा धरल्या, कारण त्याच सुमारास, म्हणजे १४०० ते १७०० या तीन शतकांत, इंग्रजीतले सारे दीर्घ स्वर जागा सोडून सरकत होते. लंडन शहरात सर्व परगण्यांतून पोटासाठी माणसे येत होती. आपल्या मुंबईत घाटावरचा, कोकणातला आणि वऱ्हाडातला मनुष्य एका चाळीत यावा तशी. त्या मिसळीतून राजधानीच्या भाषेने एक शब्द एका बोलीचा उचलला, दुसरा दुसरीचा. 'इनफ' शब्दाचेच एक जुळे भावंड 'इनाउ' असे होते आणि ते बराच काळ टिकून होते. कणकेच्या 'डो'ला उत्तरेकडे 'डफ' म्हणत. जहाजावरच्या खलाशांच्या 'प्लम डफ' नावाच्या पक्वान्नात तो उच्चार आजही शिल्लक आहे. याचा अर्थ असा की, उच्चारांचा हा गोंधळ कोण्या वेड्याने घातलेला नाही. ती गरीब माणसांच्या स्थलांतराची नोंदवही आहे.

या सरकत्या जमिनीवर छापखाना उभा राहिला, हे दुर्दैव. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. हा व्यापारी मनुष्य. आयुष्याची पुष्कळ वर्षे त्याने आजच्या बेल्जियमच्या भागात, ब्रुज शहरी घालविली होती आणि इंग्रजीतले पहिले पुस्तक त्याने तेथेच छापले होते. त्याचा मुख्य मदतनीस विंकिन द वर्ड हाही परदेशीच. 'घोस्ट' म्हणजे भूत, या शब्दात पूर्वी एच नव्हता. तिकडच्या फ्लेमिश भाषेतल्या वळणाने कॅक्स्टनच्या छापखान्यात तो शिरला आणि भुताप्रमाणेच मानगुटीस बसला तो कायमचा. स्वतः कॅक्स्टन या प्रश्नाने त्रस्त झाला होता. १४९० सालच्या एका प्रस्तावनेत त्याने गोष्ट सांगितली आहे. टेम्स नदीवर वारा पडला म्हणून काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले. एकाने एका गृहिणीपाशी आपल्या उत्तरेकडच्या बोलीत अंडी मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो संतापला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हते. दुसऱ्याने दक्षिणेकडचा शब्द वापरला तेव्हा तिला कळले. कॅक्स्टनचा प्रश्न असा की, यांतले कोणते रूप छापावे?

खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांचाही यात हात आहे. आम्ही छापखान्यातल्या कामगारांत काही वर्षे काम केले आहे, म्हणून हे ममत्वाने सांगतो. ओळ दोन्ही बाजूंनी सारखी भरली पाहिजे. आरंभीच्या काळात शब्दाला एक ई जास्त लावली की ओळ भरे, एक काढली की मावे. एकच शब्द एकाच पानावर दोन तऱ्हांनी छापलेला सापडतो. पुढे ग्राहकांना आणि मालकांना एकसारखेपणा हवासा झाला, आणि १७०० च्या आसपास बहुतेक शब्दांचे स्पेलिंग ठरून गेले. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा कोश काढला तेव्हा शिक्कामोर्तब झाले. जीभ तीनशे वर्षे चालत राहिली होती, खिळे मात्र तिच्या जुन्या मुक्कामावर घट्ट बसले.

आणि एकदा ही अक्षरे विद्वत्तेची खूण ठरल्यावर लोक ती नको तेथेही चिकटवू लागले. 'डिलाइट' हा शब्द फ्रेंचातून आला. त्यात घशातला आवाज कधीच नव्हता. 'लाइट' शब्दाशी जुळावा म्हणून त्यात जी-एच घातले. उचकीला साधे 'हिकप' म्हणत. कोणा शहाण्याला वाटले की यात खोकल्याचा 'कॉफ' लपला असावा, आणि त्याने उचकीला खोकला जोडला. म्हणजे ज्या स्पेलिंगला आपण शुद्ध म्हणून मान देतो, त्यातली काही तर निव्वळ चुका आहेत. फक्त त्या मोठ्या लोकांनी केल्या.

या चार अक्षरांतले आमचे आवडते शब्द दोन. पहिला 'रॉट'. 'रॉट आयर्न' म्हणजे घडीव लोखंड, हे लोहारापासून कंत्राटदारापर्यंत सर्वांना ठाऊक. हा शब्द 'वर्क' या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे. रॉट म्हणजे ज्यावर काम झाले आहे ते. दुसरा 'ऑट', म्हणजे करावयास हवे. हे 'ओ', म्हणजे देणे असणे, या क्रियापदाचे जुने रूप. इंग्रजांच्या भाषेत कर्तव्य म्हणजे मुळात फेडावयाचे देणे होते. वाटाघाटीच्या मेजावर आम्ही हा शब्द मुद्दाम वापरतो. समोरच्यांना त्याचे मूळ माहीत नसते, पण आम्हांला समाधान मिळते.

सुधारणेचे प्रयत्न पुष्कळ झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १७८९ साली 'टफ' शब्द टी-यू-एफ असा लिहावा, 'डॉटर'मधले मुके जी-एच काढून टाकावे, नांगराच्या 'प्लाउ'चा शेवट डब्ल्यूने करावा, अशी सूचना केली. नांगर तेवढा अमेरिकेत टिकला. बाकीचे आपल्या जागी परत गेले. दादांचा फलक वेब्स्टरने पाहिला असता तर त्याने पाठ थोपटली असती, याविषयी आम्हांला शंका नाही.

त्यानंतर या प्रश्नाला पैशाचे पाठबळ मिळाले ते अँड्रू कार्नेगीचे. कामगार चळवळीतल्या माणसाला हे नाव ऐकताच होमस्टेड आठवते. १८९२ साली पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड येथील त्याच्या पोलादाच्या कारखान्यात मजुरीच्या कपातीवरून टाळेबंदी झाली, पिंकर्टन कंपनीचे भाडोत्री शिपाई बोटींतून आणले गेले, नदीकाठी गोळ्या चालल्या आणि माणसे मेली. स्वतः मालक तेव्हा स्कॉटलंडात होता. त्याच कार्नेगीच्या पैशाने १९०६ साली सुलभ स्पेलिंगचे मंडळ स्थापन झाले. मजुरीत काटछाट करणारा हात आता शब्दांत काटछाट करू लागला. मंडळाने ३०० शब्दांची यादी काढली. तीत दो, थ्रू, थरो यांच्या शेपट्या तोडल्या होत्या. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ती इतकी पसंत पडली की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारी छापखान्याला ती पाळण्याचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली, काँग्रेसचे प्रतिनिधिगृह विरोधात गेले आणि डिसेंबरात हुकूम मागे पडला. एका कुलमुखत्याराला जमले नाही ते हे.

पिट्सबर्गचीही गंमत सांगून ठेवतो. 'बर्ग' म्हणजे तटबंदीचे गाव, 'बरो' हे त्याचेच रूप. अमेरिकेच्या नकाशे-मंडळाने १८९१ साली सरसकट सर्व बर्गांच्या शेवटचा एच काढला. पिट्सबर्गचे नागरिक चिडले. वीस वर्षे भांडले आणि १९११ साली त्यांनी आपला मुका एच परत मिळविला. ज्याचा उच्चार होत नाही, जो पैशाचा नाही, त्या अक्षरासाठी माणसे वीस वर्षे भांडतात, हे सुधारकांनी लक्षात घ्यावयास हवे होते.

इंग्लंडातली हकीकत आम्हांला अधिक हृद्य वाटते. तेथे लफ्बरा नावाचे गाव आहे. या नावात ओ-यू-जी-एच ही चौकडी दोनदा येते. पहिल्यांदा तिचा उच्चार अफ, दुसऱ्यांदा रा च्या शेपटातला नुसता आ. १८१६ साली याच गावी लडाइट कामगारांनी हीथकोटच्या लेस विणण्याच्या कारखान्यावर रात्री हल्ला करून यंत्रे फोडली होती. पुढे काही जण फासावर गेले. १९४५ साली लफ्बराने मजूर पक्षातर्फे माँट फॉलिक नावाचा सभासद पार्लमेंटात पाठवला. त्याने १९४९ साली स्पेलिंग सुधारण्याचे विधेयक आणले. मतदान झाले. बाजूने ८४, विरुद्ध ८७. तीन मतांनी विधेयक पडले. १९५३ साली नव्या रूपात विधेयक पुन्हा आले आणि या खेपेस दुसऱ्या वाचनात ६५ विरुद्ध ५३ मतांनी चक्क संमत झाले! पण सरकारची इच्छा नव्हती. शिक्षणमंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रू यांनी, ज्यांच्या स्वतःच्या आडनावाच्या शेवटी मुके जी-एच होते, संशोधनाला मोकळीक देण्याचे आश्वासन दिले आणि विधेयक मागे घेण्यात आले. समेटाच्या बैठकीत असे आश्वासन आम्हीही घेतलेले आहे. त्याची चव आम्हांला ठाऊक आहे.

त्या आश्वासनातून निघाली ती जेम्स पिटमन यांची बालवर्गासाठीची नवी वर्णमाला. आपल्यापैकी ज्यांनी लघुलेखन शिकले असेल त्यांना पिटमन हे नाव सांगावयास नको. हे त्यांचे नातू. १९६१ सालापासून काही शाळांतून मुलांना बोलावे तसे वाचावयास शिकवून पाहिले. मुले भराभर वाचू लागली. पण दोन वर्षांनी जुन्या स्पेलिंगकडे वळताना पुष्कळ जण अडखळली, आणि १९७० नंतरच्या दशकात तो प्रयोग मावळला. बर्नार्ड शॉ यांनी तर १९५० साली मरताना नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात तरतूद केली होती. त्या लिपीत त्यांचे एक नाटक १९६२ साली छापलेही गेले. ती लिपी पुढे कोणी व्यवहारात वापरली नाही.

शॉ यांच्या नावावर एक विनोद खपतो. मासा म्हणजे फिश हा शब्द जी-एच-ओ-टी-आय असा लिहावा : 'इनफ'मधले जी-एच घेऊन फ, 'विमेन'मधला ओ घेऊन इ, आणि 'नेशन'मधले टी-आय घेऊन श. आपण हे वाचले तर इगतपुरीजवळच्या घोटीची आठवण होईल. हा विनोद शॉ यांचा नाही. ते जन्मण्यापूर्वीच्या, १८५५ सालच्या एका पत्रात तो आढळतो. आणि तो खोटाही आहे. शब्दाच्या आरंभी जी-एच चा फ इंग्रजीत कधी होत नाही, हे आपण मघाशी ओठांचा चंबू करून पाहिलेच. विनोद करणाऱ्याला इतिहास ठाऊक असता तर विनोद झाला नसता.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो या मंत्र्याने गरिबांच्या शाळांना अनुदान देण्याचा नवा नियम केला. निरीक्षकाने येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, गणित यांत परीक्षा घ्यावयाची. नापास होणाऱ्या मुलामागे दर विषयाला दोन शिलिंग आठ पेन्स कापावयाचे. लेखनाची परीक्षा म्हणजे मुख्यतः शुद्धलेखन. शिक्षकाचा पगार पुष्कळदा या अनुदानावर अवलंबून असे. ही नगावर मजुरी झाली. नग म्हणजे पोर. साहजिकच शाळेत वर्षभर स्पेलिंगे घोकली जात आणि चुकणाऱ्याच्या हातावर छडी पडे. ही पद्धत तीसपस्तीस वर्षे चालली. ज्या शब्दांचे उच्चार त्या पोरांच्याच पणज्या-खापरपणज्यांच्या जिभेने बदलले होते, त्या शब्दांसाठी त्या पोरांना मार बसत होता. स्पेलिंग हा शहाणपणाचा दाखला आहे ही समजूत अशा रीतीने कारकुनापासून साहेबापर्यंत सर्वांच्या अंगी मुरली, आणि ती बोटीत बसून इकडेही आली.

आपल्याकडे हे नाही असे कोणी समजू नये. 'नाव', 'पाच', 'काही' या शब्दांवर आपल्या आजोबांची पिढी अनुस्वार देत असे. ते अनुनासिक एके काळी खरोखर उच्चारले जात होते. पंच या शब्दातला न आपल्याला दिसतोच. कोंकणीत नाकातले स्वर आजही जिवंत आहेत. घाटावर उच्चार गेला, टिंब राहिले, आणि ते टिंब कोठे द्यावे हे ज्याला कळे तो विद्वान. साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली आणि ती टिंबे गेली. पुष्कळांना तेव्हा वाईट वाटले. भाषेचे कुंकू पुसले, अशा भावनेने काही जण अखेरपर्यंत टिंबे देत राहिले. तरी आपले एक राज्य, एक पाठ्यपुस्तक, एक महामंडळ, म्हणून ते जमले. इंग्रजीला असे घर नाही. ती लंडनची, शिकागोची, सिडनीची आणि आता आपलीही. कोणाच्या उच्चाराप्रमाणे लिहावयाचे? 'थरा' की 'थरो'? एकाची सोय ती दुसऱ्याची नवी छडी.

आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे सुधारणेच्या बाजूचे होतो. फलकाचा डंख ताजा होता. पण 'दुहितृ' आणि 'डॉटर' यांची गाठ पडल्यापासून हात थोडा आखडतो. ती मुकी अक्षरे गेली तर नात्याचा पुरावाही जाईल. तथापि पुराव्याची जागा दप्तरात असते, फाटकावर नसते. इनफ हा शब्द कोणी कसाही लिहो, पिण्याच्या पाण्याची मागणी त्याने खरीखोटी होत नाही.

दादा आता निवृत्त होऊन गावी असतात. गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. ओसरीवर बसून त्यांना हे सारे सांगितले; त्यांच्या स्पेलिंगच्या पाठीशी नोआ वेब्स्टर उभा होता हेही सांगितले. त्याचे त्यांना फारसे अप्रूप वाटले नाही. लफ्बराच्या सभासदाची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगावयास लावली. "तीन मतांनी पडलं म्हणता?" ते म्हणाले, "मग पुन्हा मतदान मागायचं होतं की, भाऊ." मागितले होते, आणि जिंकलेही होते. पण तो पुढचा भाग सांगेपर्यंत शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली, आणि दादा कंदील घेऊन फाट्यापर्यंत पोचवावयास आले.